आधी आयका, मगे होय म्हणा

हमीदभाईंचा फोन आला तेव्हा मी कुडाळला लेकीच्या घरी होते. जेवणं उरकून चहाची वेळ होत आली होती, मी ओट्याशी हात पुसत उभी होते. फोनवर हमीदभाई नुसते "वयनी..." म्हणाले आणि थांबले. हमीदभाईंना मी लग्न होऊन आले तेव्हापासून ओळखते. हा माणूस बोलताना थांबत नाही. धक्क्यावरच्या त्यांच्या दुकानात काड्यापेटी घ्यायला जावं, तर अख्ख्या खाडीची खबर पदरात बांधून परतावं लागतं. ते थांबले म्हणजे काय ते मला लगेच कळलं. "भावजी?" मी विचारलं. "होय गो वयनी. जेवले, आडवे पडले, ते उठाकच नाय. शेजारचो सदू चायेक हाक मारूक गेलो, तर... तोंडार कायच तरास दिसाक नाय. निजल्यासारके दिसतत."

खरं सांगू? मला पहिल्यांदा रडू नाही आलं, राग आला. दोन दिवस लेकीकडे जाऊन येते म्हणून सांगून निघाले होते, भात-आमटी शिजवून, सोलकढी कुठल्या भांड्यात ते दाखवून निघाले होते, आणि हे महाशय माझ्या पाठी चालते झाले! वासूभावजींनी आयुष्यात कुठलीच गोष्ट कुणाला विचारून केली नाही, मरणसुद्धा त्याच हिशेबात. गाडीत बसल्यावर लेक माझा हात धरून रडत होती आणि मी मनात त्यांना शिव्या घालत होते. धक्क्यावर उतरले, होडीत पाय टाकला, समोर आमच्या जुव्यावरचे माड दिसले... मग मात्र माझं काही चाललं नाही.

वासूभावजी म्हणजे माझे धाकटे दीर. आमचं गाव शिरजुवा. आमच्याकडे खाडीतल्या बेटाला जुवा म्हणतात. चारी बाजूंनी पाणी, मधे माड, थोडी भातजमीन, मोजकी घरं. रस्ता नाही, पूल नाही. पलीकडे हमीदभाईंच्या दुकानासमोरचा धक्का, तिथून होडी. तारकर्लीला आलेले पर्यटक कधीमधी बोटीतून आमच्याभोवती चक्कर मारतात, किती शांत किती सुंदर म्हणत हात हलवतात, आम्हीही हात हलवतो. भावजी एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाले तरी आवाज निवृत्त झाला नाही. होडीत दोनच माणसं असली तरी "आत सरा, आत सरा" म्हणायचे. बढाई तर विचारू नका. आपण चुकलो हे वाक्य त्यांच्या शब्दकोशातच नव्हतं. बाजारातून शिळा बांगडा आणला तरी म्हणणार, "वयनी, आज बाजारात ह्योच सगळ्यात ताजो होतो." आणि आमचं दोघांचं भांडण म्हणजे जुव्याची करमणूक. माझे यजमान हयात असताना ते वर्तमानपत्र तोंडापुढे धरून बसायचे, कुणाची बाजू घ्यायचे नाहीत.

गाऱ्हाणं घालावं तर भावजींनीच. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे लग्न असो, नवी होडी पाण्यात उतरवायची असो की पेरणी असो, आधी देवाला गाऱ्हाणं घालायचं. एक जण हात जोडून उभा राहतो, मोठ्या आवाजात राखणदाराला काय हवं नको ते सांगतो, आणि प्रत्येक वाक्यानंतर जमलेली माणसं एकमुखानं म्हणतात, "होय म्हाराजा!" आम्ही हे आईच्या कडेवर बसल्यापासून म्हणत आलो, त्यामुळे वाक्य पुरं कानात शिरायच्या आधीच तोंडातून होय म्हाराजा बाहेर पडलेलं असतं. भावजी हे एसटीतसुद्धा करायचे. एकदा आंबोलीच्या घाटात ऐन पावसात झाड आडवं पडलं, पुढं काही दिसेना, तर यांनी बसमध्येच उभं राहून गाऱ्हाणं घातलं. मागच्या सीटवर बेळगावकडचे कुणी होते, त्यांना शब्द कळत नव्हता, तेही होय म्हाराजा म्हणायला लागले. गाऱ्हाणं संपल्यावर भावजी म्हणाले, "चला, देवान आयकला. आता सगळी खाली उतरा नि झाड ढकला." ही गोष्ट त्यांनी मला इतक्या वेळा सांगितली की शेवटी शेवटी त्या झाडाचा वडच झाला होता.

आता पाण्याचं सांगते, कारण भावजींचं खरं चरित्र तिथंच आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा उधाणाचं पाणी बांधाला लागून परत जायचं. पुढे ते बांधावरून यायला लागलं. मोठी वादळं झाली, जुना मातीचा बांध दोन-तीन ठिकाणी खचला, आणि पाणी आत-बाहेर सोडायची उघाडी असते तिच्या फळ्या कुजून गेल्या. शेतात खारं पाणी साचायचं, साचून मुरायचं, आणि मुरून जायचं कुठं... तर आमच्या बावीत, म्हणजे विहिरीत. अख्ख्या जुव्याला गोड्या पाण्याची ही एकच बाव. शिमगा सरला की तिचं पाणी मचूळ व्हायचं, मे महिन्यात तर तोंडात धरवत नसे. आम्ही बायका होडीनं पलीकडे जाऊन हमीदभाईंच्या बावीचं पाणी आणायचो. त्यांची आई होती तोवर ती स्वतः रहाटाशी येऊन उभी राहायची, पाणी दिल्यावर वर आमची चौकशी करायची. पण दुसऱ्याच्या बावीवर गाव किती वर्षं चालणार? मुली द्यायला कुणी तयार होईना. "जुव्यार पोरग्येक देव नि जल्मभर पाणी व्हाक लाव?" असं तोंडावर म्हणायचे. दोन घरं कुलूप लावून सावंतवाडीला गेली. बाव गेली की जुवा गेला, हे आम्हा बायकांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

अशात एक संस्था आली. समुद्र वाढतोय, वादळं वाढतायत, तर लहान बेटांनी आणि किनाऱ्यावरच्या गावांनी त्याच्याशी कसं जुळवून घ्यायचं त्याचा आराखडा करायचा आणि कामाला निधी द्यायचा, असं त्यांचं काम. अट एवढीच की काय करायचं ते गावानं ठरवायचं आणि सभेत सर्वांनी संमती द्यायची. त्यांच्याकडून मेघना नावाची मुलगी यायची, नाशिककडची, इंजिनीयर. साधी, हसरी, चिखलातून चपला हातात घेऊन चालणारी. ती बंद पडलेल्या शाळेच्या पडवीत जुव्याचा मोठा नकाशा पसरायची आणि म्हणायची, "काका, मावशी, तुम्हीच सांगा." झालं! धक्क्यावर ज्यांची तोंडं मिटत नाहीत ती माणसं तिच्यासमोर कचेरीतली मराठी बोलायला लागायची. "सगळं बरोबर आहे मॅडम. आपण म्हणाल तसं." ती बिचारी परत विचारायची, हे परत तेच म्हणायचे. मेघनानं स्पष्ट सांगितलं होतं की या वेळी एकच मोठं काम होईल. एक तर खाडीच्या बाजूनं सिमेंटची संरक्षक भिंत, नाहीतर बांध-उघाडीची दुरुस्ती, बावीचा कठडा उंच करणं आणि घरांच्या छपरांवरचं पाणी साठवायच्या टाक्या. दोन्ही होणार नाहीत.

भावजींना भिंत हवी होती. त्यांचं घर जुव्याच्या पश्चिमेच्या टोकाला, त्याला आम्ही नाक म्हणतो. निवृत्तीच्या पैशातून बांधलेलं चिऱ्याचं घर. त्यांची बायको, माझी जाऊ नलू, तिच्या हातची अबोली अजून खळ्यात, म्हणजे अंगणात फुलायची. नलू त्या घरात फार दिवस राहिली नाही, आजारी पडली आणि गेली. मागच्या वादळात पाणी त्या घरात शिरलं, पार देव्हाऱ्यापर्यंत. भावजींनी देव डोक्यावर घेऊन रात्र काढली होती. तेव्हापासून भिंत म्हणजे त्यांचा ध्यास. "मुंबयक कशी दर्याक भिंत आसा, तशी आमका. मगे बगया दर्यो काय करता तो!" मी म्हणायचे, "भावजी, पाणी भिंतीवरून नाही येत, उघाडीतून येतं नि बावीत मुरतं." ते म्हणायचे, "वयनी, तू शाळेत भूगोल शिकवलंस. मी एसटीतसून भूगोल बगलंय." यापुढं काय बोलायचं?

ठरावाच्या सभेला सगळा जुवा जमला. कामाची सुरुवात म्हणून भावजींनी गाऱ्हाणं घातलं, त्याशिवाय आमच्याकडे सभा सुरूच होत नाही. "बा राखणदारा म्हाराजा!" होय म्हाराजा. "आज ही तुजी लेकरां हयसर जमली आसत..." होय म्हाराजा. "ह्या मॅडमांका आमची दया इली, तेंका बरा आरोग्य दी..." होय म्हाराजा. आणि त्याच दमात, सूर जराही न बदलता, "नि ह्या जुव्याक नाकापास्ना धक्क्यापर्यंत शिमीटाची भिंत होवंदे, तेच्यात कोणाची आडकाठी येवची नाय असा कर रे म्हाराजा..." आणि आम्ही सगळ्यांनी, बायकांनीसुद्धा, मी धरून, छपराची कौलं हलतील एवढ्या जोरात म्हटलं, "होय म्हाराजा!"

मेघनाचे डोळे भरून आले. इतके महिने तोंडातून शब्द न काढणारं गाव एकदम असं बोललं! तिनं तिथंच लिहून टाकलं, भिंतीला सर्वानुमते संमती. चहा झाला, लोक पांगले. आम्ही बायका पाण्याला म्हणून होडीत बसलो, आणि अर्ध्या खाडीत आल्यावर सदूची बायको म्हणाली, "गो, आमी भिंतीक होय म्हटला मां?"  मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. मी परत आले ती तशीच नाकावर गेले. "भावजी, भिंत कुणी मागितली होती?" तर म्हणतात कसे, "तुमीच सगळ्यांनी होय म्हटलात." "ते सवयीनं!" "देवासमोर कसली सवय? झाला ता झाला. आता देवाक काय सांगू, माझे वयनीक सवय आसा म्हणान?" आणि गालातल्या गालात हसत होते. तेव्हा मी त्यांना जे बोलले ते पुरवणीत छापण्यासारखं नाही.

नलू गेल्यापासून भावजींचं पाणी माझ्याकडून जायचं. एक हंडा रोज माझ्या घरून त्यांच्या ओट्यावर. तो मी बंद केला. म्हटलं, भिंतच प्या. भावजी साधं पाणी कधी प्यायचेच नाहीत, नुसता चहा, दिवसाकाठी किती त्याला गणती नव्हती. आता तो जुव्याच्या बावीच्या पाण्यावर आला. पहिला चहा फाटला तेव्हा त्यांनी दुधाला नावं ठेवली. हमीदभाईंकडून दुसरी पिशवी आणली, तीही फाटली. मग हमीदभाईंशी भांडून आले. शेवटी एका संध्याकाळी पातेलं हातात घेऊन माझ्या पायरीशी उभे, आत पांढऱ्या गुठळ्या. "वयनी गो, ह्या दुधात कायतरी आसा." मी म्हटलं, "दुधात काही नाही. पाणी चाखून बघा." त्यांनी माझ्या तांब्यातलं आमच्या बावीचं पाणी तोंडात घेतलं, आणि तसेच उभे राहिले. थुंकताही येईना, गिळताही येईना.

"ह्या पाणी पितंत सगळी?"

"सगळी पितात, नाहीतर पलीकडून आणतात. तुम्हाला हमीदभाईंच्या बावीचं येत होतं. माझ्या कमरेवरून."

ते पायरीवर बसले.  खाली बघत त्यांनी विचारलं, "नलू पण हाडी? थयसून?" मला खोटं बोलता आलं असतं. पण मी बोलले नाही. म्हटलं, "होय, तिथूनच आणायची. आजारी पडेपर्यंत. तुम्ही ड्युटीवरून यायच्या आत." भावजींनी पातेल्यातला चहा माझ्या माडाच्या बुंध्यात ओतला, पातेलं तिथंच ठेवलं आणि निघून गेले. मला वाटलं होतं की आपण जिंकलो म्हणून बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही. मी हंडा भरला आणि त्यांच्या ओट्यावर ठेवून आले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मेघनाला फोन लावला, आणि ती आली तेव्हा तिच्याबरोबर सगळा बांध पायाखाली घातला. बोलणं काय झालं ते आम्हाला कळलं नाही. एवढंच कळलं की नवीन अडचण निघाली होती. जुना बांध नाकाला वळसा घालून जातो, तो वळसा दुरुस्त करायचा तर त्यातच निधी संपतो, बाव आणि टाक्या राहून जातात. मेघना फार हिरमुसली होती. आम्हाला वाटलं की पुढचा हप्ता येईल, तोवर वाट बघायची. भावजी सगळ्यांना सांगत सुटले की परत सभा आहे, झाडून सगळ्यांनी यायचं, आणि पलीकडे धक्क्यावर कुणी मागे राहता कामा नये. हमीदभाईसुद्धा दुकानाला कुलूप लावून आले.

सभेत भावजी उभे राहिले. हात जोडले. आम्ही तोंड उघडणार, तेवढ्यात म्हणाले, "थांबा रे! आज कोणी सवयीन होय म्हणाक नको. आधी आयका, मगे होय म्हणा. पटला नाय तर गप रवा. देवाक पण कळांदे." लोक एकमेकांकडे बघायला लागले. गाऱ्हाण्यात असलं कुणी कधी ऐकलेलं नव्हतं. मग ते देवाकडे वळले. "बा राखणदारा म्हाराजा. मागच्या टायमाक ह्या वासून तुझ्या म्होरे आपल्या मनातला गावाच्या तोंडात घातला. ता चुकला. ता पोटात घाल रे म्हाराजा." कुणाच्या तोंडून आवाज फुटेना. वासूभावजी चुकलो म्हणतात, हे पचवायलाच वेळ लागला. मग मागून सदूच्या बायकोनं जोरात म्हटलं, "होय म्हाराजा!" आणि हशा पिकला, भावजीही हसले.

मग एकेक वाक्य. बावीचा कठडा उधाणाच्या वर जावा... ऐकलं, थांबले, होय म्हाराजा. उघाडीला नव्या फळ्या बसाव्यात... होय म्हाराजा. टाक्या प्रत्येक घराला मिळाव्यात, त्यात मोठं-लहान घर बघू नये... इथं जरा कुजबुज झाली, मग होय म्हाराजा. टाकीची देखरेख बायकांकडे असावी... बायका होय म्हणाल्या, पुरुष गप्प. भावजी म्हणाले, "बरा. गप रवलात ता दिसला देवाक. भांडा नि ठरवा." तिथंच वाद झाला, मोठमोठ्यानं, अगदी धक्क्यावर होतो तसा, आणि शेवटी पुरुषांनीही होय म्हटलं. मेघना भराभर लिहीत होती. तिनं नंतर मला सांगितलं की तिच्या नोकरीतला तो सगळ्यात बरा दिवस होता.

आणि मग भावजींचा आवाज थोडा खाली आला. "नि बा म्हाराजा... नवो बांध नाकाक वळसो घालूचो नाय. तो आडवो सरळ जातलो. म्हणजे पैसे बावीक पुरतले." होय म्हाराजा, आम्ही म्हणालो, पटण्यासारखंच होतं. "तेच्या भायर ह्या वासूचा घर रवता. ता भायर रवांदे रे म्हाराजा."

सगळे गप्प झाले. पडवीबाहेर माडाची झावळी वाऱ्यानं घासत होती, तेवढा आवाज. भावजींनी थांबून पाहिलं. परत म्हटलं, "ता घर भायर रवांदे. बावीचा पाणी गोडा रवांदे."  भावजींचं डोकं फिरलं. "मेल्यांनू, भिंतीक बोंबललात तेवा बरे घसे उघडले! आता दातखीळ बसली?" सदू खाली मान घालून म्हणाला, "वासूकाका, आयकान मगे म्हणा म्हणान तुमीच सांगितलात. आमी आयकला. आमचो होय नाय." "घर माझा आसा!" "आसांदे. तरी नाय."

मग भावजी माझ्याकडे वळले. "वयनी," एवढंच म्हणाले. मी त्या माणसाशी जन्मभर भांडले. त्यांच्या प्रत्येक होयला माझा नाय होता. त्या घरातली अबोली नलूनं माझ्याकडून फांदी नेऊन लावली होती. आणि नलूच्या कमरेवरचा तो हंडा, त्यांना न सांगता आणलेला, तो त्या माणसाच्या डोळ्यांसमोर होता, मला स्वच्छ दिसत होता. मी होय म्हटलं नसतं तर ते घर वाचलं असतं आणि भावजी मात्र आतून मोडले असते. मी म्हटलं, "होय म्हाराजा."  मग बायका म्हणाल्या. मग एकेक करून पुरुष. मेघनानं पेन खाली ठेवलं, म्हणाली, "मी हे उद्या लिहिते."

पैसे आले, उशिरानं आले, हप्त्याहप्त्यानं आले, पण आले. चिऱ्याचा आणि मातीचा बांध आडवा गेला, उघाडीला फळ्या बसल्या, बावीचा कठडा माझ्या छातीला लागेल एवढा उंच झाला आणि कौलांवरचं पाणी टाक्यांत पडायला लागलं. भावजी आपलं बिऱ्हाड घेऊन माझ्या पडवीत राहायला आले. देव माझ्या देव्हाऱ्यात, अबोली माझ्या खळ्यात. नाकावरच्या घरात उधाणाचं पाणी आता खुशाल आत-बाहेर करतं. भावजी ओहोटीला तिथं जाऊन ओट्यावर बसायचे, गरी टाकायचे, एखादी तांबोशी घेऊन यायचे आणि म्हणायचे, "वयनी, माझ्या घरात आता पावणे येतत, ते शिजव." मी वाट बघायचे की कधीतरी हा माणूस हळहळेल. नाही. त्यांनी त्या घरासाठी एकदाही उसासा सोडला नाही, उलट रुबाब वाढला. बाव पहिल्यांदा मे महिन्यातही गोड राहिली, तेव्हा सगळ्या जुव्याला त्या पाण्याचा चहा पाजला आणि वर सांगितलं की बांध आडवा घालायची कल्पना पहिल्यापासून आपलीच होती, आपण मुद्दाम भिंतीचं नाव काढलं, लोकांची परीक्षा बघायला! मी पळी उगारली, तरी तेच.

रेडीकडची, वेंगुर्ल्याकडची गावं बघायला यायची, आराखडा कसा केला म्हणून. भावजी त्यांच्यापुढे व्याख्यान द्यायचे. एकदा एक मोठे साहेब आले, भाषणाला उभे राहिले. दर वाक्याला थांबायचे, टाळी येईल म्हणून. भावजी मागं वळून आम्हाला डोळे वटारायचे, आणि आम्ही सगळे गप्प, नुसतं ऐकतोय. साहेबांना घाम फुटला. शेवटी त्यांनी विचारलं, "मी काही चुकीचं बोललो का?" भावजी म्हणाले, "नाय साहेब. तुमचा आयकतत ती. ह्याका वेळ लागता." ही माझ्या पडवीतली त्यांची वर्षं फार सुखाची गेली. त्यांचीही आणि, आता सांगायला हरकत नाही, माझीही.

गेल्या आठवड्यात त्यांचं तेरावं झालं. सगळा जुवा होता, हमीदभाई होते, मेघना नाशिकहून आली होती. जेवणं व्हायच्या आधी गाऱ्हाणं घालायचं, आणि ते घालणारा तर फोटोत बसलेला. सदूला पुढं केला. बरं बोलला. "ह्या वासूकाकाच्या जिवाक शांती दी रे म्हाराजा." होय म्हाराजा. "नलूकाकीची नि तेंची गाठ घाल." होय म्हाराजा, बायकांचा आवाज जास्त. "तेंचा काय चुकला-माकला आसात ता पोटात घाल..." होय म्हाराजा, आणि दोघं-तिघं हसली, मीही. मग सदूनं जे सगळीकडे मागतात तेच मागितलं. "नि परत ह्या खाऱ्या पाण्यात, ह्या चिकलात, ह्या जुव्यार तेंका जल्माक घालू नको रे म्हाराजा..."

कुणी होय म्हटलं नाही.

सदूनं डोळे उघडले. वाट बघितली. बायका गप्प, पुरुष गप्प, हमीदभाई आभाळाकडे बघत उभे, मेघना ओठ घट्ट मिटून. सदूला वाटलं, आपण काही विसरलो. मग त्याच्या लक्षात आलं. त्यानं हात परत नीट जोडले आणि म्हणाला, "बरा. घालूचो आसलो... तर हयसरच घाल रे म्हाराजा."

त्या होय म्हाराजात सगळ्यात मोठा आवाज माझा होता, असं लेक म्हणते. असेल.